सूज आणि वाढ

ती. आईला, इतक्या दुरून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. वजनं उचलणाऱ्या वयस्कर मंडळींच्या मांडीची सोनोग्राफी करायची आणि स्नायू किती जाड झाला ते मोजायचं, हे इथल्या सरांच्या संशोधनातलं माझं काम.

पण मध्यंतरी मनात पाल चुकचुकली. एकाच आठवड्यात सगळ्यांच्या मांड्या कशा वाढल्या? पाहते तर सरांनी मोजणी व्यायामानंतर लगेच ठेवलेली. अगं, तेव्हा स्नायू सुजलेला असतो. ती वाढ नव्हे.

सरांना विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही फक्त मोजा."

मग मी त्या मंडळींतल्या एका शिंपीणबाईंना तीन दिवस आराम करून यायला सांगितलं. माप व्यायाम सुरू करण्याआधीइतकंच भरलं. बाई हिरमुसल्या. "पण मी आता कठडा न धरता जिना चढते!" म्हटलं, "ताकद वाढलीय, मांडी नाही." सुजेचा आणि आरामानंतरचा, दोन्ही आकडे वहीत लिहून खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्याकडून सोनोग्राफीच्या खोलीची किल्ली काढून घेतली. तू घाबरू नकोस. काल शिंपीणबाई बाकीच्या नऊ जणांना घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आराम झाल्याशिवाय आम्ही मोजून घेणार नाही." सरांनी किल्ली परत दिली, नजरेला नजर मात्र दिली नाही. अजून काय शिजतंय, देव जाणे.

तुझा गुडघा कसा आहे? फोनवर "बरा आहे" म्हणतेस, पण दादा मागून खाकरतो, तेही मला ऐकू येतं. वरच्या खोलीत झोपतेस की अंथरूण खाली आणलंय? खरं काय ते लिही.

तुझीच,
संशयी चिमी