सहाव्या नावाला

लिमरिक, गुरुवार संध्याकाळ

कामावरून येऊन तास झाला, अजून कोटही काढलेला नाही. होदाननं असं करावं?

गेली चार वर्षं कँटीनमध्ये माझ्यासमोर बसून तीच ना सांगायची, की कुळाकुळांच्या भांडणात आमचा सोमालिया जळाला? तिच्या वडिलांच्या वेळच्या मोगादिशूत म्हणे कुणी कुणाला कूळ विचारत नव्हतं. लहानपणी पाठ केलेली आजोबा-पणजोबांची नावं बोटांवर मोजून दाखवायची आणि स्वतःच हसायची. संदीपच्या आईनं माझं आडनाव विचारलं आणि आमचं लग्न मोडलं, हे इथे फक्त तिला माहीत. ऐकून रडली होती.

आज म्हणाली, "धाकट्या भावाचं लग्न मोडलं. मीच मोडलं."

मुलीच्या आत्याला फोन करून हिनं एकेका पूर्वजाचं नाव विचारलं. सहाव्या नावाला कळलं, ते लोहारांच्या कुळातले, ज्यांच्याशी त्यांच्यात कुणी सोयरीक करत नाही. सांगतानाही बोटं मोजत होती. तीच बोटं!

"अगं, तू तर म्हणायचीस..."

"ते वेगळं. आईला काय सांगू मी?"

मी भांडले का नाही? इतकी वर्षं कुणापाशी मन मोकळं करत होते मी? शेवटी एवढंच विचारलं, "मुलगी कशी होती?"

"मुलगी फार गोड आहे गं. तिच्याबद्दल काही म्हणणंच नाही."

संदीपची आई माझ्याबद्दल अगदी हेच म्हणाली होती. आणि होदान रडली होती, ती याच वाक्याला.