इस्त्रीचा पॉइंट

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. तू म्हणाली असशील, दोऱ्या मेला की काय. मेलो नाही. काळजीत होतो, आणि काळजीत असलो की माझं अक्षर मलाच लागत नाही, तर तुला काय लागणार? फोन केला असता, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला सुचत नाही. तेव्हा पत्रच बरं.

काळजी दारातच उभी आहे. सूनबाईने गाडी घेतली. विजेवर चालणारी. तिचं काम तुला ठाऊक आहे, बाळंतपणं करणारी नर्स, आडबाजूच्या घरी जाऊन बायकांना तपासायचं. इतके दिवस स्कूटरवर हाडं खिळखिळी करून घेत होती, तेव्हा गाडी घेतली याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते त्या गाडीबद्दल. ती आवाजच करत नाही. परवा मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून सुईत दोरा ओवत होतो, सहज वळून बघतो तर ती माझ्या पाठीशी येऊन उभी! मांजरसुद्धा येताना म्याँव करतं गं.

आता तिला घरी वीज पाजायची. त्यासाठी वायरमन आला होता. फार बोलका माणूस, स्क्रूड्रायव्हर कानावर खोचून बोलतो. तो म्हणाला की दोन रस्ते आहेत. एक, भिंतीवर स्वतंत्र चार्जरची पेटी, तिला मीटरपासून वेगळी जाड वायर आणि स्वतःचं अर्थिंग. गाडी चार-सहा तासांत भरते. दुसरा, गाडीबरोबर आलेली केबल घरातल्या पंधरा अँपियरच्या पॉइंटमध्ये खुपसायची. त्याला सगळी रात्र जाते. मी विचारलं, आग लागेल का? तो म्हणाला, नाही. थोड्या वेळाने मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाला की काका, तुम्ही लावलीत तर लागेल.

असल्या माणसाच्या हाती घर कोण देणार? मी सांगून टाकलं, पेटीबिटी काही नको. घराच्या पुढच्या बाजूला दुकानात माझ्या इस्त्रीचा पॉइंट आहे, भक्कम आहे, इतकी वर्षं जड इस्त्री ओढतोय, एकदा कुरकुरला नाही. गाडीही तिथेच लावा. चिरंजीवांनी तोंड वाकडं केलं. सूनबाई म्हणाली, बाबा म्हणतील तसं. वायरमनने पॉइंट उघडून पाहिला, तारा बदलल्या आणि चालेल म्हणाला, पण जाताना असं हसला की मला अजून झोप नाही.

तुझं मत कळव. गुडघा कसा आहे? लोभ असू दे, ओरडा कमी असू दे.

तुझा धाकटा भाऊ,
दोऱ्या

---

९ फेब्रुवारी

चि. दोऱ्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. गुडघा माझ्यापेक्षा जास्त बोलतो, बाकी ठीक.

मला तुझ्या पत्राचं नवल वाटलं नाही. प्रेशर कुकर घरात आला तेव्हा तू शिट्टी होईपर्यंत अंगणात उभा राहायचास, आणि बायकोला आत ठेवायचास! ती बिचारी त्या कुकरला न घाबरता गेली, आणि तू अजून आहेस. तेव्हा आगीची काळजी पुरे.

मला दुसरीच गोष्ट खटकली. दोन पानं तू लिहिलीस. त्यात तुला काय वाटतं, वायरमन काय म्हणाला, गाडी कशी येते, सगळं आहे. सूनबाईच्या वाट्याला तीन शब्द, बाबा म्हणतील तसं. अरे, गाडी कोणाची? चालवणार कोण? अर्ध्या रात्री कोणाची कळ उठली तर पळायचं कोणी? ती तुझा मान राखते म्हणून तू तिला इस्त्रीच्या पॉइंटला बांधलीस. उद्या म्हणशील, गाडीवरही पाणी शिंपडून घडी घाल.

त्या हसऱ्या वायरमनला पुन्हा बोलाव आणि या वेळी तोंड बंद ठेवून ऐक. जमेल का, ते कळव.

मोठ्या बहिणीचा आशीर्वाद आहेच. अक्कल तुझी तू आण.

ताई

---

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला लगेच उत्तर देणार होतो, पण कामात अडकलो. शाळेच्या गणवेशांची मोठी ऑर्डर आली, हाफ चड्ड्यांचा डोंगर. आता लिहायला बसलो आहे. घरात काहीतरी बिनसलं आहे, आणि माझं कुठे चुकलं ते मला समजत नाही. तूच वाचून सांग.

झालं असं. परवा संध्याकाळी सूनबाईने येऊन गाडी पॉइंटला लावली आणि जेवून झोपली. चिरंजीवांची छापखान्यात रात्रपाळी. मला गणवेश सकाळी द्यायचे होते, आणि कडक इस्त्रीशिवाय माझ्या दुकानातून कापड बाहेर जात नाही हे तू जाणतेस. म्हणून तेवढ्यापुरता गाडीचा प्लग काढला आणि इस्त्री लावली. काम संपल्यावर इस्त्री काढून गाडीचा प्लग जसा होता तसा परत खोचला. वर केबलच्या डब्यावर हिरवा दिवा लागलेला पाहिला, मगच जेवलो. तू म्हणतेस मी बेफिकीर आहे, म्हणून मुद्दाम लिहितो, की झोपण्यापूर्वी नेहमीप्रमाणे दुकानात फेरी मारली, इस्त्रीचं बटण बंद केलं आणि बंद झालं ना ते दोनदा पाहिलं. इतकी वर्षं हा नेम चुकला नाही. मग निजलो.

पहाटे सूनबाईला बोलावणं आलं. वरच्या वस्तीत एक पहिलटकरीण अडली होती. ही तशीच निघाली. आणि ती गाडी, ताई, अर्ध्या चढावर बसली! बसली म्हणजे बसलीच. नशिबाने दूधवाला मागून आला. त्याच्या टेंपोत, कॅनच्या मधे बसून ही पोचली. आई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत. पण बाळ हिच्या हातात नाही, शेजारणीच्या हातात झालं. नाळ गळ्याभोवती होती म्हणे. शेजारीण नुसती ओरडत होती, आणि त्याच वेळी ही दारातून आत शिरली आणि हिने नाळ सोडवली.

हे मला सूनबाईने सांगितलं नाही. दूधवाल्याने सांगितलं, तेही हसत हसत, की तुमची सून आमच्या दुधावर आली. ती घरी आली, हात-पाय धुतले, दुकानात जाऊन गाडी पॉइंटला लावली, मला चहा दिला आणि माझं औषध हातात ठेवलं.

आणि काल जेवताना चिरंजीव म्हणाले की इस्पितळाच्या जवळ एक फ्लॅट भाड्याने मिळतोय, खालच्या पार्किंगमध्ये चार्जर आहे, बघून यायला काय हरकत आहे. असं म्हणाले की जसं काही वाणसामानाचं चाललंय. मी म्हणालो, बघा की. आणि ताटातला भात नुसता कालवत राहिलो.

माझ्या मते बॅटरीत खोट आहे. कंपनीने फसवलं. सूनबाईने गाडी परत करावी म्हणजे फ्लॅटचा प्रश्नच येत नाही. तू तिला तसं लिहिशील का? तुझं ती ऐकते.

इथे रात्री मशीन बंद केलं की घर किती शांत होतं, हे मला आत्ताच कळायला लागलं आहे, आणि ते अजून गेलेसुद्धा नाहीत. लोभात काटछाट नको.

दोऱ्या

---

२ मार्च

चि. दोऱ्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तूही वाच. चष्मा पुसून वाच. इस्त्री तर तू काढून ठेवली होतीस, बाबा. मग झोपण्यापूर्वी बटण बंद केलंस ते कशाचं? त्या बटणाच्या खाली त्या वेळी कोणाचा प्लग होता?

आता एक मिनिट खाली बस. पाणी पी.

बॅटरीत खोट नाही. खोट कुठे आहे ते मी लिहीत नाही, तुझं वय झालंय. आणि सूनबाईला हे ठाऊक नाही, असं समजू नकोस. तूच लिहितोस की परत आल्यावर तिने दुकानात जाऊन गाडी लावली. बटण बंद आहे हे तिला दिसलं नसेल? जी बाई अंधारात बाळाचं डोकं कुठे आहे ते हाताने ओळखते, तिला तुझं बटण कळणार नाही? तिने ते गिळलं, वर तुला औषध दिलं. तुझ्या जागी मी असते तर ते औषध घशाखाली उतरलं नसतं.

आणि ते फ्लॅट बघताहेत ते पार्किंगसाठी नव्हे. या घरात तिच्या कामाला जागा तुझ्या इस्त्रीच्या मागून मिळते, म्हणून बघताहेत. मीही निघाले असते, आणि जाताना इस्त्री घेऊन गेले असते.

तिला मी काहीही लिहिणार नाही. तू सांग. आजच सांग, ती जेवत असताना सांग, म्हणजे तोंडात घास असल्यामुळे तिला मधे बोलता येणार नाही आणि तुला पुरतं बोलावं लागेल. रडू नकोस. रडलास की तीच तुझी समजूत काढत बसेल, आणि तुझं काम फुकटात होईल.

आशीर्वाद सगळे खर्च झाले. उत्तर आलं की नवे देईन.

ताई

---

२० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं केलं. तिच्या तोंडात घास असतानाच बोललो. रडलो नाही. म्हणजे फार नाही.

तिने घास संपवला आणि म्हणाली की मला माहीत होतं, बाबा. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली की बोलले असते तर तुम्ही रोज रात्री त्या बटणासमोर खुर्ची टाकून बसला असता, आणि मला एकाऐवजी दोन पेशंट झाले असते. चिरंजीव हसले. मलाही हसू आलं, पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण पुढे ती हळूच म्हणाली की त्या दिवशी टेंपोत कॅनला धरून बसले होते तेव्हा तुमचा राग आला होता. खूप आला होता. आणि ताटाकडे बघत राहिली. ताई, मला कोणी ओरडलं तर सवय आहे, तूच केलीस. हे कसं सोसायचं ते मला येत नाही. मी म्हणालो, आला तो बरोबर आला. एवढंच सुचलं.

दुसऱ्या दिवशी मीच वायरमनकडे गेलो. त्याने विचारलं, काका, आग लागली का? मी म्हणालो, पेटी लावायची. या वेळी तो आला तेव्हा दुकानात सूनबाईला माझ्या खुर्चीत बसवलं, मी स्टुलावर. सगळे प्रश्न तिने विचारले. मी तोंडात टाचण्या धरून बसलो होतो, म्हणजे बोलता येऊ नये. मोठ्या पेटीला घराची वीज पुरणार नाही, वीज कंपनीकडून मंजुरी वाढवून घ्यावी लागेल असं वायरमन म्हणाला. शेवटी तिने अशी पेटी निवडली की जी घरात पंप किंवा इस्त्री चालू झाली की आपण होऊन कमी वीज ओढते, आणि त्यांचं झालं की पुन्हा भरभर पिते. मी टाचण्या काढून म्हणालो की ही पेटी आपल्या घरातल्या पुरुषांपेक्षा समजूतदार आहे. सूनबाई म्हणाली, म्हणूनच घेतेय.

काल वायरमन माणसं घेऊन आला. पुढच्या बाजूला खड्डा खणून अर्थिंगचा रॉड पुरला. मीटरजवळ नवं बटण बसलं, गाडीचं एकटीचं. त्याला हात लावायचा नाही असं मी स्वतःच स्वतःला बजावलं आहे. मग तो पेटी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की आता सांगा, कसं बसवू? भिंतीवरून पट्टी मारून वायर नेली आणि पेटी चार स्क्रूंवर टांगली, तर उद्या घर बदलताना अर्ध्या तासात काढून बरोबर नेता येईल. पुष्कळ लोक तसंच करतात. नाहीतर भिंत फोडून वायर आतून न्यायची. दिसायला नीट, टिकायला पक्कं, पण मग ते हलवायचं नाव काढायचं नाही.

चिरंजीवांनी बायकोकडे पाहिलं. मी कुठे पाहावं ते मला कळेना, म्हणून हातातल्या चड्डीकडे पाहिलं. फ्लॅटच्या मालकाला कालपर्यंत उत्तर द्यायचं होतं, आणि काय दिलं हे मी विचारलं नव्हतं. विचारण्याची हिंमतच नव्हती. तुला खोटं वाटेल, पण मशीनवरचा माझा पाय थांबला होता.

सूनबाई म्हणाली, फोडा.

तसं साधंच म्हणाली. आणि वर वायरमनला म्हणाली की वरवर नको, खोल आतून न्या, वायर दिसली तर बाबांना आवडायचं नाही.

ताई, मग त्याने छिन्नी लावली, आणि सगळी पुढची भिंत खणखणली. दुकानभर चुन्याची धूळ झाली. शिवून ठेवलेले तीन डझन गणवेश पांढरेफटक, सगळे पुन्हा झटकायला लागणार, पुन्हा इस्त्री. एरवी मी त्या वायरमनचा गळा धरला असता. काल मी एका कोपऱ्यात उभा राहून शिंकत होतो, आणि तो थांबला की म्हणत होतो, अजून फोड की, थांबलास कशाला?

आता भिंत बुजवली आहे, रंग बाकी आहे. सूनबाईला पिवळा हवा आहे. पिवळा! सगळं घर कावीळ झाल्यासारखं दिसेल. तू मोठी आहेस, तू तिला दोन ओळी लिही, की पिवळा बरा दिसत नाही. नको, लिहू नकोस. पिवळाच होऊ दे. पण मला मात्र लगेच लिही, काहीही लिही, ओरड तरी. तुझ्या पत्राची वाट पाहत पायरीवर बसतो, पोस्टमन येईपर्यंत उठत नाही.

तुझा,
दोऱ्या