जावईबापूंच्या सायकलीत केलेल्या सुधारणेबाबत

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
मे २०२४

सन्माननीय व्याही साहेबराव यांस अप्पारावचा रामराम.

एक चांगली सायकल करायला काय लागतं, ते आधी सांगतो: दोन चांगल्या सायकली, लेथवरचे चौदा दिवस आणि आमच्या सौ. द्वारकाबाईंचा नऊ दिवसांचा अबोला.

तुमचा गुडघा आता कसा आहे? विहीणबाईंना नमस्कार. (जालन्यात टँकर वेळेवर येतो म्हणे. आमच्याकडं नळ आठव्या दिवशी, तोही लाजत येतो.)

तर ऋतुराजराव पुण्याला बदलून जाताना त्यांची रेसची सायकल माझ्या हवाली करून गेले. "मामा, फक्त सांभाळा," म्हणाले. आता चालू मशीन भिंतीला टांगणं म्हणजे सांभाळणं, हे तीस वर्षं लेथ चालवलेल्या माणसाला पटत नाय. आमच्या चढावर जिथं ज्वारी होती तिथं सहा मजली इमारती झाल्या, टँकर मात्र खालीच थांबतो. वीस लिटरचा कॅन घेऊन रेसच्या गिअरवर चढ निघंना. कोपऱ्यात आमच्या श्रेयाची, म्हणजे तुमच्या सूनबाईंची, लग्नाआधीची डोंगरात चालवायची सायकल पडून होती. तिचं मागचं चाक, ताटाएवढी दात्यांची चकती आणि साखळी सरकवणारा सांगाडा काढून जावईबापूंच्या सायकलीला चढवला. चाकाचा आस पाच मिलिमीटर लांब निघाला, म्हणून फ्रेमच जरा फाकवली. (हे त्यांना सावकाश सांगू.)

पण गिअरचा खटका दाबला की साखळी पाऊणच गिअर सरके, ना इकडं ना तिकडं, आणि कुरकुर करी. शेंद्र्याच्या कंपनीतला एक इंजिनिअर हसला, "काका, दोन घराण्यांचे गिअर जुळत नसतात." मी म्हटलं, आमचे साहेबराव अन् मी जुळलोच की! मग डोळे मिटून नुसता कान लावला. गिअरची तार आवळतात तिथं पितळी बुश, म्हणजे बारीकसं कडं, कोरून बसवला, ऐकलं, परत कोरला. चौदाव्या दिवशी दहाच्या दहा गिअर खट, खट, खट. इंजिनिअर ऐकून गेला. हसला नाय.

आता कॅनसकट चढ बसूनच चढतो. गेल्या रविवारी दौलताबादच्या पुढचा घाट चढलो आणि येताना मागच्या ब्रेकला बोटसुद्धा न लावता उतरलो. एकसष्टाव्या वर्षी! फकिरा किराणावाला म्हणतो, "अप्पा, गाडी पुढून घोडा अन् मागून बकरी दिसतीय." दिसंना का. लई लोक थांबून बघतात.

तुमचा,
अप्पाराव

ता.क. फोनच केला असता, पण विहीणबाई तुमचा फोन स्पीकरवर लावतात. ऋतुराजराव येत्या रविवारी शर्यतीसाठी सायकल न्यायला येतायत, आधी तुमच्याकडं उतरतील. तुम्हीही सोबत याच. तुमच्यासमोर ते आवाज चढवत नाहीत.

पुन्हा ता.क. आणि मला विचारल्याशिवाय त्यांना सायकलवर बसू देऊ नका. नवं चाक लहान आहे. मागचा ब्रेक त्याच्यापर्यंत पोचत नाही.