पंधरापैकी पंधरा

अण्णा,

मी परमेश्वर काकाच्या जीपमधी धारूरच्या घाटाकडं चालले. अंगद सकाळीच तुमची मोटारसायकल घेऊन एकटा गेलाय. त्याचा फोन लागतोय, पण उचलत न्हाई. आत्ताच घाटातून कुणीतरी काकाला फोन केलता. ते नुसतं म्हणले, गाडीत बस.

भाकरी टोपल्यात हाय. शेळ्यायला पाणी पाजायचं राहिलंय. अंगदचं हेल्मेट खुंटीलाच हाय, ते आई रानातून यायच्या आत उचलून ठेवा.

एक गोष्ट तुमाला सांगितली न्हाई. त्याच्या शिकाऊ लायसनची परीक्षा घरीच माझ्या लॅपटॉपवर झाली. पंधरापैकी पंधरा पडले म्हणून तुमी गावभर पेढे वाटले. कॅमेऱ्यासमोर तोंड त्याचं होतं, पण बटणं बाजूला बसून मी दाबली. त्यानं एक प्रश्न सुदिक वाचला न्हाई.

न्हाई, एक वाचला होता. घाटातल्या वळणाचं चित्र आलं तवा त्यानं मला विचारलं, "ताई, हितं काय करायचं असतं?"

मी म्हणले, "तू नुसतं कॅमेऱ्याकडं बघ."

सुकन्या