केंद्र एकोणीसचा आवाज

६ जानेवारी २०२५, सोमवार

एकतिसावं केंद्र जोडलं! लोणार तालुक्यातली शाळा. सव्वाअकराला पडद्यावर चित्र आलं आणि नववीचा अख्खा वर्ग हात हलवायला लागला.

तिथल्या मुख्याध्यापकांना फोनवर तेच सांगितलं जे तीस जणांना सांगून झालंय — पाहुणे प्राध्यापक इंग्रजीतून शिकवतात. इंग्रजी शाळा आणि कॉलेजं इंग्रजीचं बटण दाबतात. तुम्ही मराठीचं दाबायचं, की माझा आवाज येईल. पाहुण्यांच्या एक वाक्य मागे मी मराठीत बोलत असते. प्रश्न लिहून पाठवले की मी ते इंग्रजीत पाहुण्यांना विचारते.

ते म्हणाले, मॅडम, तुमचा आवाज अगदी रेडिओसारखा आहे. हे मला नवीन नाही. तरी बरं वाटलं.

१२ फेब्रुवारीला समिती येणार आहे. आमचं हे दूरशिक्षणाचं जाळं आणखी तीन वर्षं चालू ठेवायचं, की रेकॉर्ड केलेले तास शाळांना वाटून मोकळं व्हायचं, ते ठरवणार. येऊ देत. खामगावच्या कॉलेजातल्या एका खोलीतून मी जिल्हा शिकवते आहे, हे त्यांना दिसेलच.

९ जानेवारी

'कार्य आणि ऊर्जा'च्या चाचणीचे निकाल. केंद्र एकोणीस पुन्हा पहिलं. सलग तिसऱ्यांदा. जानेफळच्या पलीकडची छोटी शाळा, नववीत सव्वीस मुलं, आणि शहरातल्या शाळा मागे. त्यांचे प्रश्नही नेहमी सगळ्यांत नेमके, आणि काय सुरेख मराठीत लिहिलेले! समितीपुढे हीच शाळा ठेवायची. चांगल्या मराठीतून सांगितलं की मुलांपर्यंत पोचतं — मी म्हणते ते काही उगाच नाही.

१४ जानेवारी

तिळगूळ. तास नाही.

१७ जानेवारी

आल्हाद — आमची सगळी यंत्रं सांभाळतो — समितीसाठी नोंदी काढत होता. म्हणाला, मॅडम, एकोणीसचा मोठा स्पीकर प्रत्येक तासाला बंद असतो. तास सुरू झाला की दोन मिनिटांत बंद. जूनपासून.

मी म्हटलं, बिघडला असेल, नवा पाठव.

"बिघाड नाही," तो म्हणाला. "कोणीतरी हातानं बंद करतं."

अडतीस तास. म्हणजे अडतीस वेळा मी तिथे बोलले आणि कोणीच ऐकलं नाही. मग ते पहिले येतात कसे?

२० जानेवारी

न कळवता गेले. माझ्या जागी आज इंग्रजी विभागातल्या हिमानीला बसवलं. जानेफळपर्यंत एसटी, पुढे ऑटो. तास सुरू होऊन दहा मिनिटं झाली होती. मी वर्गाच्या मागच्या दारात उभी राहिले.

पडद्यावर पाहुणे बोलत होते. आवाज नाही. पडद्याशेजारी कचरूसर उभे — विज्ञान शिकवतात, निवृत्तीला दोन वर्षं. एका कानाला हेडफोन, दुसरा कान वर्गाकडे. हिमानीचं मराठी ते एकटेच ऐकत होते आणि ऐकता ऐकता मुलांना सांगत होते. वऱ्हाडीत.

जडत्व चालू होतं. हिमानी काय म्हणत असेल ते मला पाठ आहे, कारण मीही तेच म्हणते — वस्तूची आपली अवस्था कायम राखण्याची प्रवृत्ती. कचरूसर म्हणाले, "यष्टीनं ब्रेक मारला का आपुन पुढं काऊन जातो?"

एकदम आठ-दहा पोरं बोलायला लागली. मागच्या बाकावरून एक मुलगी, काजल, म्हणाली, "सर, थांबाचं गाडीनं ठरवलं, म्या नाई ठरवलं!" सगळे हसले. सरही हसले. म्हणाले, बरोबर, मंग तुले थांबवते कोन?

त्यावर जो वाद झाला तो मी माझ्या एकाही तासात ऐकला नाही. वाद मिटत आला तसं सरांनी काजलचं बोलणं प्रश्न म्हणून लिहून पाठवलं — 'गतिमान शरीराला स्थिर करण्यासाठी स्वतंत्र बल आवश्यक असते का?' म्हणजे ते सुरेख मराठीही त्यांचंच.

तास संपल्यावर त्यांनी मला पाहिलं. दचकले. खुर्ची दिली, चहा मागवला, आणि मग स्वतःच बोलले.

"राग नका धरू मॅडम. तुमचं सांगनं मले समजते, म्हणून तं मी पुढं सांगू शकतो. पन पोरायले तुमच्यासमोर तोंड उघडाचं भेव वाटते. आपलं बोलनं एकतीस शाळा आयकतीन, हासतीन."

मी रागावले नाही असं म्हणाले. खोटं.

२१ जानेवारी

राग आहेच. त्याहून वाईट म्हणजे त्यांचं म्हणणं मला समजतंय.

माझं गाव मेहकरपासून आठ मैलांवर. पुण्यात पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत मी म्हटलं होतं, "मले काच नाई भेटली." सगळं टेबल हसलं. त्यानंतर तीन महिने मी वर्गात बोलले नाही, आणि बोलले तेव्हा हे रेडिओवालं मराठी बोलले. कोणी हसलं नाही. आजपर्यंत मला वाटत होतं, मी ते कमावलं.

२३ जानेवारी

ठरलं. तिसरं बटण. इंग्रजी, माझं मराठी, आणि कचरूसर त्यांच्या वर्गातून वऱ्हाडीत. आल्हाद म्हणाला अर्ध्या दिवसाचं काम.

प्राचार्य मार्तंडसरांना पटलं नाही. जाळ्याचे प्रमुख ते आहेत. म्हणाले, समिती तोंडावर आहे, आपलं हसं होईल. मी म्हटलं, झालं तर माझं होईल. शेवटी म्हणाले, करा.

कचरूसरांना मनवणं जास्त अवघड गेलं. दोनदा फोन. बाकीचे सर लोक काय म्हणतील, हीच धास्ती. शेवटी काजलनं वर्गात सांगितलं म्हणे, सर, तुम्हीच भेता तं आमी काय बोलाव? मग तयार झाले.

३ फेब्रुवारी

पहिल्या दिवशी तिसऱ्या बटणावर नऊ शाळा. सर सुरुवातीला अडखळले, पुस्तकी बोलायला लागले. पाचव्या मिनिटाला विसरले की कोणी ऐकतंय. मग गाडी सुसाट.

८ फेब्रुवारी

बावीस शाळा तिकडे. माझ्याकडे चार. उरलेल्या पाच इंग्रजीवर.

एरवी तासाला सहा-सात प्रश्न येतात. आज एक्केचाळीस, आणि लिहून नाही — पोरं स्वतः माईकवर बोलली. चिखलीकडच्या एका मुलानं पाहुण्यांना असं अडवलं की ते म्हणाले, पुढच्या तासाला वाचून येतो. त्याचं वऱ्हाडी इंग्रजीत नेताना मला एकदाही अडायला झालं नाही. माझं जाळं इतकं चांगलं कधीच चाललं नव्हतं. चार शाळांचं जरा लागलं. पण खरं आहे ते खरं आहे.

१२ फेब्रुवारी

समिती येऊन गेली. तीन तास बसली, एकोणीसशी थेट बोलली. काजल त्यांच्याशीही तशीच बोलली जशी सरांशी बोलते. अध्यक्षबाई मन लावून ऐकत होत्या.

तीन वर्षं मिळाली!

फक्त एक अट. मंजुरी दोन भाषांची आहे — एक इंग्रजी, एक मराठी. तिसरं बटण नियमात बसत नाही. दोन्हींपैकी कोणतं मराठी ठेवायचं ते तुम्ही ठरवा, अध्यक्षबाई म्हणाल्या, उद्या दुपारपर्यंत कळवा.

मार्तंडसर म्हणाले, यात ठरवायचं काय, तुमचा आवाज. सगळ्यांसमोर म्हणाले. मी म्हटलं, उद्या सांगते.

१३ फेब्रुवारी

कळवलं. मराठीच्या बटणावर कचरूसर. त्यांना इंग्रजी येत नाही, तेव्हा मी पूर्वीसारखीच प्रत्येक तासाला माईकवर बसणार — पण माझा मराठीतला आवाज फक्त त्यांच्या कानातल्या हेडफोनमध्ये जाईल. बाकी कुठेही नाही.