अक्कलकाऱ्याचा डबा

आई, परवा दाढ दुखायला लागली आणि आधी तूच आठवलीस. भोईवाड्यातली आपली खोली, ओट्यावरचा तुझा तो पत्र्याचा डबा. लवंगा, बाभळीची साल आणि अक्कलकाऱ्याच्या वाळक्या मुळ्या. चाळीत आपल्या मजल्यावर कोणाची दाढ ठणकली की ते माणूस गाल धरून तुझ्या दारात. "दाढेखाली धर, गिळू नकोस," तू बजावायचीस. तोंडाला मुंग्या येतात, लाळ गळते, आणि ठणका गप्प.

चौथीत माझी दाढ किडली, तेव्हा तू तोच तुकडा दिलास आणि शिवाय दवाखान्यातही नेलंस. डॉक्टरांनी विचारलं, कुठली रे? त्यांच्या हातात पक्कड बघून माझी बोबडी वळली. शेजारचा दुधाचा दात आधीच हलत होता, मी सरळ तो दाखवला आणि त्यांनी तोच उपटला. घरी ठणका परत सुरू झाल्यावर सगळ्यांसमोर भोकाड पसरलं, "आईच्या अक्कलकाऱ्यानं तोंड बधिर झालं, मला कळलंच नाही!" दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर डबा नाही, दारात माणूस नाही. तुझा मान माझ्या खोटेपणानं गेला, आणि तू जाईपर्यंत ते कबूल करायची माझी हिंमत झाली नाही. फार लाज वाटायची गं.

आता त्या मजल्यावर शेजारच्या काकू तेवढ्या उरल्यात. परवा गाल धरून त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगून टाकलं. काकू हसायलाच लागल्या.

"मेल्या, दुधाचा दात आम्हाला ओळखता येत नाही? तुझ्या आईनं पदराला बांधून आणला होता. दाखवून दाखवून हसली."

"मग तिच्याकडे यायचं का बंद केलंत?"

"बंद कुठे? तू शाळेत गेलास की यायचो. डबा तांदळाच्या पिंपात असायचा. म्हणायची, डबा दिसला की पोराची मान खाली जाते, त्याच्यासमोर नको."

आई, चाळीस वर्षं मी उगाच कुढत बसलो! दाढ ठणकत असतानाही तिथेच मोठ्यानं हसलो. किती हलकं वाटलं म्हणून सांगू.

निघताना काकूंनी अक्कलकाऱ्याचा तुकडा हातावर ठेवला. तो दाढेखाली धरूनच दादरला दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी विचारलं, नक्की कुठली? हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून लिहितो. अर्धं तोंड बधिर झालं होतं आणि, शप्पथ, या वेळी मला खरंच कळत नव्हतं.