सुमिना नावाची दोन खोकी

कुमासी,
मंगळवार, १२ ऑगस्ट

प्रिय सॅम्युएल,

बघ, तुझ्या आवडीच्या नावानेच सुरुवात केली आहे. आम्ही इकडे बरे आहोत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण तोंड त्याहून जास्त. माझं शिवणकाम जोरात आहे, चर्चमधल्या बायकांचे एकसारखे झगे शिवतेय आणि एकीलाही आपलं खरं माप मान्य नाही. तू आणि देदेई कसे आहात हे विचारायची सोय तू ठेवलेली नाहीस. जुना नंबर बंद, नवा आम्हाला ठाऊक नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही तुझ्याच खोक्यात घालून.

खोक्याची गोष्ट अशी. आईला मोठ्या पडद्याचा फोन हवा होता. बाजारात अदुमच्या दुकानांत फिरले, पण नवा म्हणून देतात तो कोणाच्या तरी खिशातून उतरवून घासलेला निघतो. शेजारची मामे कोनाडू आपल्या चपला थेट चीनहून मागवते, तिने वाट दाखवली. फोन तिकडच्या दुकानातून घ्यायचा, ते तो ग्वांगझूच्या एका गोदामात पोचवतात, गोदामवाले आपल्यासारख्या शेकडो लोकांचा माल एकत्र विमानात चढवतात, आणि आपण इथल्या त्यांच्या ऑफिसातून उचलायचा. मला तर फोनपेक्षा या प्रवासाचंच वेड लागलं. बॅटरीच्या वस्तू वेगळ्या चढवतात, हे तुला माहीत होतं? त्यांना आग लागेल म्हणून विमानवाले घाबरतात. मी रोज मामे कोनाडूच्या फोनवर बघायचे, आज आपलं खोकं कुठे आहे. एक आठवडाभर ते हललंच नाही. आई म्हणाली, "दमलं असेल."

खोक्यावर एक खूण घालावी लागते, आपलं नाव आणि फोनचे शेवटचे आकडे. तिकडच्या लोकांना आपण कोण ते कळत नाही, ते नुसती खूण बघतात. मी माझं नाव, पोकुआ, लिहायला घेतलं तर आई मध्ये पडली.

"सुमिना लिही."

"सुमिना? आई, महागाच्या फोनवर कोणी उकिरडा लिहितं का?"

"तू लिही. त्या नावाला चोर काय, मरणानेही हात लावला नाही. आणि आकडे नकोत. आकडे लावले की वस्तू किमती वाटते."

आईपुढे कोण बोलणार. लिहिलं.

गेल्या शुक्रवारी उचलायला गेले तर ऑफिसातल्या बोआडूने दोन खोकी पुढे केली. मी म्हटलं, माझं एकच आहे. तो म्हणाला, "मॅडम, जगात दुसरं कोण आपल्या मालाला उकिरडा म्हणेल? दोन्ही तुमचीच. न्या, जागा मोकळी करा." मलाही वाटलं, दुकानदाराने सोबत काही भेट दिली असेल. टॅक्सीत दोन्ही मांडीवर घेऊन आले. दुसरं मोठं होतं, पण हलकं. राहवत नव्हतं मला. माझा स्वभाव तुला माहीत आहे, लहानपणी तुझा दिवाळखोर गल्ला सुद्धा मी हलवून बघायचे.

फोन छान आहे. आईचा अंगठा तो ओळखत नाही म्हणून ती त्याला उद्धट म्हणते. तिला फोन कशाला, असं तुझ्या मनात येईल. मामे कोनाडूची नात त्यावर लोकांचे चेहरे शोधून देते. आईला तुझा चेहरा बघायचा होता. सॅम्युएल शोधलं तर शेकडो निघाले, तू नव्हतास.

आता दुसऱ्या खोक्याचं सांगते. मी टाळतेय हे तुला कळलंच असेल.

टोपडी होती. पांढरी, माझ्या मुठीवर बसतील एवढी. एक छोटी मच्छरदाणी, आणि बाळाच्या कानात घालून ताप बघायचं यंत्र. मी ते खोकं परत घेऊन बोआडूकडे गेले आणि चिकार भांडले. तेव्हा त्याने कॉम्प्युटरमध्ये बघितलं. "अरे, हे अक्र्याचं. सॅम्युएल ओवुसु-बादू. खूण सुमिना." तुझा नंबर मात्र द्यायला तयार नाही, नियम आहे म्हणे. खोकं परत पाठवीन, चिठ्ठी आत घालायची तर घाला, एवढंच म्हणाला.

चिठ्ठी लिहायला म्हणून मी खोकं पुन्हा घरी आणलं.

तुझ्या लग्नात आई नाचता नाचता "माझा सुमिना, माझा उकिरडा" म्हणाली आणि देदेईकडची माणसं हसली, त्या दिवशी तू आमच्याशी शेवटचं बोललास. ते नाव तुला अंगावर नको होतं. आणि तेच नाव तू बाळाच्या कपड्यांवर घातलंस. बोआडूला कळणार नाही, गोदामवाल्यांना तर नाहीच. पण आपल्या घरातल्या माणसाला हे वाचता येतं. नुसतं गंमत म्हणून कोणी ते नाव लिहीत नाही, आधीची बाळं गेली की मगच ते ठेवतात. किती गेली रे? एक, की जास्त? आणि तू कोणालाच सांगितलं नाहीस. मला फार वाईट वाटलं, आणि रागही आला. अजूनही आहे.

आईने टोपडी पाहिली. मी लपवणार होते, पण तिने खोकं उघडलंच, आणि कोणाचं ते मला सांगावं लागलं. एकेक हातात घेतलं, मग घडी घालून जशीच्या तशी ठेवली. म्हणाली, "त्याला सांग, टोपडी जन्माआधी बाहेर काढून ठेवू नकोस." एवढंच. मग फोन घेऊन त्याला पुन्हा उद्धट म्हणाली.

तुझ्या वेळचं तुला आठवणं शक्य नाही. मला आठवतं. माझ्या पाठची तीन भावंडं गेल्यावर तू आलास, म्हणून मरणाला तू टाकाऊ वाटावास यासाठी आईने तुला केळीच्या पानात गुंडाळून बाजारामागच्या उकिरड्यावर ठेवलं. ठरलेल्या परक्या बाईने येऊन, हे कोणाचं टाकलेलं, मी नेते, असं म्हणून तुला उचलायचं, आणि मग आईने तिच्याकडून विकत घ्यायचं. ती बाई रमतगमत येत होती. तू रडायला लागलास. मी धावत गेले आणि तुला उचलून आणलं. सगळ्या म्हाताऱ्यांनी मला झोडपलं, बहिणीने उचललेलं चालत नाही म्हणून. पुन्हा नेऊन ठेवावं लागलं. तू वाचलास, तेव्हा कोणाचं काही बिघडलं नाही.

तर टोपडी सगळी आहेत, मोजून घे. देदेईला सांग, लग्नात हसलेल्यांमध्ये ती नव्हती, हे मी पाहिलं होतं. आईचा नंबर खाली लिहिलाय. फोन नवा आहे आणि वाजायची वाट बघतोय.

आणि वेळ येईल तेव्हा बाळाला उकिरड्यावरून उचलायला परकी बाईच लागते, शेजारपाजारची कोणी शोधत बसू नकोस. चार वर्षं तू मला परकीच ठेवलं आहेस. आता मी चालेन.

बोलावलंस की निघते. या वेळी धावणार नाही, पण उशीरही करणार नाही.

सुमिनाची,
पोकुआताई